पन्नास पत्रिकांचा हिशोब

मने, काल रात्री फोन ठेवताना तू "ताई, ही सरळसरळ लूट आहे" म्हणालीस आणि माझं उत्तर ऐकायला थांबलीसच नाहीस. मी इकडं एका हातात पत्रिकेचं प्रूफ धरून "अगं ऐक तरी" म्हणत राहिले. तर आता ऐक. दुपारपासून सांगोल्यात लाईट नाही, मशीन बंद आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही. मला बोलायला वेळच वेळ.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. क्रिकेटचा गेम साडेतीन हजारांना. तुझ्या रूममेटनं फुटबॉलचा गेम सेलमध्ये पाच-सहाशेत घेतला, आणि तो दिसायला असा की टीव्हीवर मॅच लागलीय असं वाटावं. आपल्या क्रिकेटच्या गेमला ती सर नाही, किंमत मात्र सहापट. वर तुला त्यात स्मृती मंधाना होऊन खेळायचंय. का नसावं? सांगली इथून दोन तासांवर. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप घेतला, तेव्हा अण्णांनी झोपलेल्या आईला उठवून टीव्हीपुढं बसवलं होतं. जन्मात कधी मॅच न बघितलेली आई त्या रात्री "ती सांगलीची कुठली?" विचारत होती. तेव्हा हौस रास्तच आहे. भिशीचे पैसे हातात आलेत, तेही मला माहितीय. काकूनं सांगितलं.

पण लूट हा शब्द जपून वापर. गेल्या महिन्यात तो मलाच ऐकावा लागला, अगदी तोंडावर.

महूदकडचे एक काका आले होते. मुलीचं लग्न, घरच्याघरी, मोजकी माणसं. पत्रिका हव्या होत्या पन्नास. मी दर सांगितला, चाळीस रुपयाला एक. काका खुर्चीतून उठलेच. त्यांच्या शेजाऱ्यानं माझ्याकडूनच हजार पत्रिका नेल्या होत्या, दहा रुपयाला एक. तोच कागद, तीच शाई, तेच दुकान. "पोरी, गरिबाला लुटतीस व्हय?"

आता गंमत बघ. काकांना पत्रिकेवर सोनेरी फॉइलमध्ये खंडोबा हवा होता. घोड्यावर बसलेला, शेजारी म्हाळसा, हातात खांडा. गणपती म्हणाले असते तर प्रश्नच नव्हता. गणपतीचे पाच-सहा ब्लॉक माझ्या ड्रॉवरमध्ये कायमचे पडलेले असतात, शेकडो लग्नांत वापरून वापरून त्यांचे पैसे कधीच फिटलेत. खंडोबाचा ब्लॉक मुद्दाम करून आणावा लागतो. त्याला लागले पंधराशे. हजार पत्रिकांवर ते पसरले तर पत्रिकेमागं दीड रुपया, कुणाला कळणारही नाही. पन्नासावर पसरले की पत्रिकेमागं तीस रुपये. बाकी कागद-शाई-मजुरी दहा. झाले चाळीस. मी पत्रिकेच्या मागच्या बाजूला हे आकडे मांडून दाखवले, तेव्हा काका बसले. पटलं की नाही कोण जाणे, पण चहा घेतला.

मने, तुझ्या रूममेटचा फुटबॉल म्हणजे गणपती आणि तुझं क्रिकेट म्हणजे खंडोबा.

तू म्हणशील, क्रिकेट आणि खंडोबा? दीडशे कोटींचा देश क्रिकेटसाठी जीव टाकतो, त्याला कमी गिऱ्हाईक कसं म्हणतेस? मलाही आधी तसंच वाटायचं. पण देश जीव टाकतो तो टीव्हीपुढं आणि मोबाईलवर. साडेतीन हजार मोजून कॉम्प्युटरवर किंवा प्लेस्टेशनवर क्रिकेट खेळणारे किती? आपल्या सगळ्या भावंडांत मिळून एक, ती म्हणजे तू, आणि तूसुद्धा अजून घेतला नाहीयेस. फुटबॉलचा गेम युरोपात, दक्षिण अमेरिकेत, अरबांत, सगळीकडं विकला जातो, आणि तिथले लोक दरवर्षी नवीन घेतात. क्रिकेटचा असा गेम घेणारे म्हणजे ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, आणि मग आपल्यासारखे थोडे थोडे. गेम बनवायचा खर्च मात्र डोकी मोजून कमी होत नाही.

तो खर्च कशाकशाचा असतो हे मला आमच्या दादामुळं कळलं. आठवतं का, आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा दादा दिवसरात्र 'क्रिकेट ०७' खेळायचा? सोलापूरहून पन्नास रुपयांची सीडी आणलेली, खोट्या छपाईची. हो, चोरीचीच, आता कबूल करायला काय. ईए स्पोर्ट्सचा तो गेम २००६ च्या नोव्हेंबरात आला. तो बनवला कुणी माहितीय? कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्ग नावाच्या समुद्रकाठच्या गावातल्या एचबी स्टुडिओजनं. मासेमारीचं गाव, हिवाळ्यात बर्फ, आणि तिथं बसून पोरं आपल्यासाठी कव्हर ड्राईव्ह बनवतायत. तो गेम आला आणि त्यानंतर ईएनं क्रिकेटचा मोठा गेम काढलाच नाही. जगातली एवढी बलाढ्य कंपनी, फुटबॉल दरवर्षी काढते, क्रिकेटकडं मात्र पुन्हा वळली नाही. आपण पन्नास रुपयांच्या सीड्या फिरवत होतो, त्याचा यात वाटा किती हे मला सांगता येणार नाही; पण दादाला मी अजून त्यावरून चिडवते. आजही लोक तोच गेम नवीन संघ, नवीन जर्सी घालून खेळतात. वीस वर्षांपूर्वीच्या साडीला नवीन फॉल लावावा तसं.

दुसरी मोठी कंपनी कोडमास्टर्स. तिनं ब्रायन लाराच्या नावानं गेम काढले. आपल्याकडं २००७ चा तोच गेम युवराज सिंगचं नाव आणि फोटो लावून विकला. नाव बदललं, गेम तोच. २०१० नंतर तीही थांबली. मग २०१३ मध्ये ॲशेसचा एक गेम आला. नोव्हेंबरात विक्रीला निघाला आणि काही दिवसांत परत घेतला, घेतलेल्यांना पैसे परत, गेम कायमचा रद्द. म्हणजे परवाना घेतला, वर्षं घालवली, माणसं राबवली आणि शेवटी विकायला काहीच नाही. एवढं बघून कोण दुसरा या धंद्यात पडेल?

एकच पडला आणि टिकला. मेलबर्नचा बिग अँट स्टुडिओ. २०१४ मध्ये 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट', मग २०१७ मध्ये 'ॲशेस क्रिकेट', ज्यात पुरुषांच्या संघाबरोबर बायकांचे संघही घेतले होते. मग 'क्रिकेट १९', 'क्रिकेट २२', 'क्रिकेट २४', आणि २०२५ च्या ॲशेसच्या तोंडावर 'क्रिकेट २६'. बघितलंस, साधारण दोन वर्षांनी एक. फुटबॉलसारखं दर सप्टेंबरला नवीन नाही. म्हणून तुझ्या रूममेटला जो पाच-सहाशेत मिळाला तो जुना व्हायला आलेला गेम असतो. नवीन यायच्या आधी कंपनी जुन्याचा माल काढते. कापड दुकानात दिवाळीनंतर लागतो ना सेल, तसा. क्रिकेटला तशी दिवाळी दोन वर्षांतून एकदा, आणि शेजारी दुसरं दुकानही नाही. एकच दुकान असलेल्या गावात भाव कोण पाडणार? ही बाजू तुझी खरी आहे, ती मी नाकारत नाही. स्पर्धा नसली की किंमत उतरायला वेळ लागतो.

आणि खेळाचा ब्लॉक करायचा म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आण. फुटबॉलच्या पळण्यावरून क्रिकेटचं काही उचलता येत नाही. बॉलर धावत येतो, उडी, हात फिरतो, मनगट. फास्टचं वेगळं, ऑफस्पिनचं वेगळं, लेगस्पिनचं वेगळं. बॅट्समनचे शॉट किती? स्वीप, रिव्हर्स स्वीप, पुल, कट, लेट कट. शरीरावर खुणा चिकटवलेल्या खऱ्या माणसाकडून ते एकेक करून घेतात आणि कॅमेरे टिपतात. मग खेळपट्टी पाचव्या दिवशी भेगाळली पाहिजे, बॉल जुना झाला की स्विंग बदलला पाहिजे, पाऊस आला तर षटकं कमी झाली पाहिजेत, कॅप्टननं स्लिप कधी काढायची हे कॉम्प्युटरला कळलं पाहिजे. पाच दिवसांची कसोटी तुला दोन तासांत खेळायचीय. हे सगळं करायला माणसं तेवढीच लागतात, गेम एक लाख विकला जावो की एक कोटी.

त्यावर परवाने. खेळाडूचं नाव, चेहरा, संघाची जर्सी, स्पर्धेचं नाव, सगळ्याचा वेगवेगळा मालक. आयपीएलचा वेगळा, बोर्डाचा वेगळा. ज्याचा परवाना मिळत नाही त्याची नावं बदलून टाकतात. 'क्रिकेट १९' मध्ये भारताचा संघ होता, पण खेळाडूंची नावं खरी नव्हती. म्हणून म्हणते, पैसे भरायच्या आधी बघ तुझी स्मृती त्यात आहे का. नसली तरी घाबरू नको, डॉन ब्रॅडमनपासून या गेममध्ये आपणच खेळाडू आणि संघ घडवायची सोय आहे. दुसऱ्या लोकांनी घडवलेले संघ फुकट उतरवून घेता येतात. परवान्याच्या अडचणीतून काढलेली ही पळवाट मला फार आवडली. आमच्याकडं नाही का, फोटो मिळाला नाही तर पत्रिकेवर कमळ छापतात.

आणि परवाना घेऊनही काय होतं ऐक. 'क्रिकेट २२' च्या वेळी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, गेम यायला आठवडाही उरला नव्हता आणि ऑस्ट्रेलियाच्या टिम पेननं कर्णधारपद सोडलं. वेष्टनावर त्याचा चेहरा! सगळं बदलून गेम आठवडाभर उशिरा, २ डिसेंबरला आला. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत बसून हसले. पत्रिका छापून झाल्यावर नवरदेव बदलला, असं आमच्याकडं दोनदा झालंय. रद्दीचे पैसे कुणी देत नाही बाई.

बरं, तुझे साडेतीन हजार जातात कुठं? समज कॉम्प्युटरच्या ऑनलाइन दुकानातून घेतलास. त्यात अठरा टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे पाचशे चौतीस रुपये आधीच सरकारचे. उरले दोन हजार नऊशे सहासष्ट. त्यातले साधारण तीस टक्के स्टीमसारखं दुकान ठेवतं, म्हणजे आणखी आठशे नव्वद. राहिले दोन हजार पंच्याहत्तरच्या आसपास. त्यात प्रकाशक कंपनी, परवान्यांचे मालक, जाहिरात, आणि सगळ्यांनंतर तो मेलबर्नचा स्टुडिओ. साडेतीन हजार ऐकून डोळ्यांसमोर जी गब्बर कंपनी येते, तिच्या हातात यातलं किती पडतं ते बघ.

आता यातली खरी मेख सांगते, ती तुझ्या रूममेटलाही सांग. फुटबॉलचा गेम पाच-सहाशेत देऊनही कंपनी बुडत नाही, कारण तिचा धंदा गेम विकून संपत नाही, तिथून सुरू होतो. गेममध्ये खेळाडूंची पाकिटं विकत मिळतात. पाकीट फोडायचं, आत कोण निघेल ते नशीब. ईएचं सत्तर टक्क्यांच्या वर उत्पन्न गेम विकल्यानंतरच्या असल्या चालू विक्रीतून येतं. जत्रेत पाळण्याचं तिकीट स्वस्त आणि खाली फुगे फोडायचे दहा-दहा रुपये, तसं. क्रिकेटच्या गेमला एवढी गर्दीच नाही, मग फुगेवाल्याला परवडणार कसं? म्हणून तो सगळे पैसे दारातच घेतो. तुझ्या रूममेटनं पाच-सहाशेत गेम घेतला हे तिनं सांगितलं. पाकिटांवर किती घालवले ते विचार. तिला वाईट वाटेल अशा आवाजात विचारू नको.

मोबाईलवर फुकट क्रिकेट आहे ना, मग ते का खेळू नये? खेळ की. आपल्याकडच्या नॉटिलस मोबाईलचा 'रिअल क्रिकेट' आहे. २०२५ मध्ये त्या कंपनीचा ताबा कोरियाच्या क्राफ्टननं घेतला. पुण्याच्या जेटसिंथेसिसनं सचिनच्या नावाचा गेम काढलाय. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' तर आमच्या दुकानातला पोरगा जेवणाच्या सुट्टीत रोज खेळतो. पण फुकट म्हणजे जाहिराती, आणि चांगली बॅट हवी तर पैसे. मला त्यात गैर वाटत नाही. फक्त कुठला पैसा कशातून जातो याचा हिशोब डोक्यात असावा. आणि एक गोष्ट ताई म्हणून ठासून सांगते: पैसे लावून खेळायच्या ॲपकडं वळू नको. "संघ बनवा, लाखो जिंका" वाल्या खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्यानं बंदी आली, तरी लिंका येतच राहतात. आपल्याच ओळखीतल्या एका पोराचे ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे त्यात गेले. साडेतीन हजारांचा गेम महाग वाटतो ना, तो निदान साडेतीन हजारांवर थांबतो.

खो-खोचं सांगू का? तू म्हणाली होतीस ना, क्रिकेटचा एवढा महाग तर खो-खोचा गेम कुणी का काढत नाही, आपण दोघी शाळेत खेळलो तो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. मुलं आणि मुली दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे. आपल्या जिल्ह्यातल्या वेळापूरच्या रामजी कश्यपचा खांबाजवळचा सूर बघितलास का कधी? तो सूर, ती हूल, पाठीत खो बसल्यावर क्षणात उठणं, हे कॅमेऱ्यासमोर एकेक टिपून घ्यायला क्रिकेटइतकाच खर्च येईल. आणि घेणारी डोकी? पुणे, सोलापूर, सांगली, थोडं दिल्ली. आता खंडोबाचा ब्लॉक पन्नासावर पसरत नाही, पाचावर पसरतो. म्हणून तसा मोठा गेम महागसुद्धा मिळत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. तुझ्यासारख्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरींनी चार जणी जमवून साधाच, कार्टूनसारखा खो-खो काढला तर? चेहरे नकोत, परवाने नकोत. विचार करून ठेव, आत्ता उत्तर देऊ नको.

आणि अण्णा काय म्हणाले ऐक. मी त्यांना जेवताना तुझी तक्रार सांगितली. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "बरंय त्या कंपनीचं, तिला दर तरी लावता येतोय." मी गप्पच झाले. आमच्या डाळिंबावर तेल्या रोग आला त्या वर्षी झाडाला दहा फळं राहिली की ऐंशी, फवारणीचा खर्च तेवढाच होता, बहार धरायचा खर्च तेवढाच होता. क्रेट कमी भरले म्हणून सौद्यात कुणी चढा भाव दिला नाही. डागी फळ म्हणून उलट पाडून मागितला. खर्च भागिले माल हे गणित अण्णांनाही येतं, पण उत्तर लिहायचा अधिकार त्यांना नव्हता. तुझ्या गेमवाल्याला तो आहे. पण एक, किंमत लावता येते म्हणून कुणी घेईलच असं नाही. तू अजून घेतलेला नाहीस.

आता घ्यायचा का? घे, पण आज नको. माझ्या ड्रॉवरमधला खंडोबा आठव. काकांनी त्याचे पैसे भरले. परवा जेजुरीचा नवस फेडलेलं एक कुटुंब आलं, त्यांनाही खंडोबाच हवा होता. ब्लॉक तयार. मी त्यांना शंभर पत्रिका बारा रुपयांनी दिल्या. काकांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. गेमचंही तसंच: पहिल्या महिन्यात घेणारे ब्लॉकचे पैसे भरतात. स्टीमवर जूनच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी मोठे सेल लागतात, तिथं इच्छेच्या यादीत टाकून ठेवलंस की उतरल्यावर निरोप येतो. एक आवृत्ती मागचा घेतलास तरी बिघडत नाही. स्वीप मारायला २४ काय न २६ काय. घेतलास आणि पहिल्या तासात मन उडालं तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलेला असेल तोवर, स्टीमवर पैसे परत मागता येतात. दुसऱ्या तासाला जेवायला उठायचं आणि विचार करायचा. पुढं-मागं प्लेस्टेशन घेतलंस तर डिस्क घे. खेळून झाली की विकता येते, ऑनलाइन घेतलेला गेम कुणाला विकता येत नाही.

फुकटात फोडलेला गेम मात्र उतरवू नको. दादाच्या पन्नास रुपयांच्या सीडीतून कॉम्प्युटरमध्ये काय काय शिरलं होतं ते मी निस्तरलंय, दहावीच्या प्रोजेक्टसकट सगळं गेलं होतं.

आली बघ लाईट. मशीन चालू करते, संध्याकाळी कोळे गावच्या लग्नाचं काम द्यायचंय, तिथं हजार पत्रिका आहेत आणि गणपती आहे, देवाची कृपा. तुझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे आणि रॅम किती ते बघून रात्री कळव. त्याच्यावर चालणारच नसेल तर मी एवढं बोलले ते वाया.